'ढगफुटीसदृश' म्हणजे नेमका किती पाऊस?

खटपट्या: जून उजाडला की बातम्यांत 'ढगफुटीसदृश पाऊस' सुरू होतो. सदृश म्हणजे काय? ढग फुटला की नाही? अतिवृष्टी आणि ढगफुटीत खरंच फरक आहे, की सगळं बातमीदाराच्या लहरीवर?

पर्जन्यमापी: फरक आहे. हवामान खात्याच्या व्याख्येत साधारण 20 ते 30 चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात 100 मिमी किंवा जास्त पाऊस पडला तर ती ढगफुटी. अतिवृष्टी मोजायची ती 24 तासांच्या हिशेबात. आता गंमत अशी की बऱ्याच ठिकाणी पर्जन्यमापक दिवसातून एकदाच, सकाळी साडेआठला वाचतात. त्यात 200 मिमी भरले, तर ते दोन तासांत कोसळले की रात्रभर झड लागली होती, हे कसं कळणार? म्हणून 'सदृश'. लोक या शब्दाला हसतात, पण मला तो प्रामाणिक वाटतो.

आजोळ: आमच्याकडे 'आभाळ फाटलं' म्हणायचे. ढगफुटी वर्तमानपत्रांनीच रुळवला असावा.

पर्जन्यमापी: 'आभाळ फाटलं' पावसापेक्षा संकटाबद्दलच जास्त ऐकलंय. तसं फाटत काही नाही आणि फुटतही नाही. पखाल फुटावी तसं ढगात पाणी भरलेलं नसतं. खालून जोरात वर जाणारी गरम, दमट हवा थेंबांना तोलून धरते. थेंब एकमेकांत मिसळून जड होतात, वर जाणारा झोत कमी पडला की सगळे एकदम खाली येतात. डोंगर आडवा आला की हवा आणखी वर ढकलली जाते, म्हणून हिमालयात हे जास्त. सपाटीवर होतच नाही असं मात्र नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात 190 मिमी पडला, 24 तासांत 944. त्याच दिवशी कुलाब्याला फक्त 73. एकाच शहरात!

बांधावरून: महसूलवाल्यांची अतिवृष्टी आणखी वेगळी बरं का. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, 24 तासांत 65 मिमीच्या वर पाऊस नोंदला पाहिजे, तर पंचनाम्याचं बोलायचं. आमच्या मंडळाचं पर्जन्यमापक यंत्र पलीकडच्या गावात. एका रात्री तिकडं साठसुद्धा भरला नाही. इकडं बांध फुटला, वावरातली माती ओढ्यात गेली, उभी तूर आडवी झाली. कागदावर मात्र अतिवृष्टी नाही. तुम्ही शब्दाचा कीस काढताय, आमचं अनुदान त्या शब्दावर अडतं.

खटपट्या: हे माहीत नव्हतं. मग 'हवामान बदलामुळे ढगफुटी वाढली' असं लिहिणं बरोबर का?

पर्जन्यमापी: जपून लिहावं. ज्या अभ्यासाचा दाखला सगळे देतात तो पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा, 2017 चा, 'नेचर कम्युनिकेशन्स'मधला. 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणारी टोकाची अतिवृष्टी तिपटीनं वाढली, असं त्यात आहे. तिथं कसोटी दिवसाला 150 मिमीची, तासाची नव्हे. म्हणजे ती ढगफुटी नाही, बातम्यांत मात्र सर्रास तसं छापून येतं. कारण म्हणून त्यांनी अरबी समुद्रावरच्या मोसमी वाऱ्यांकडे बोट दाखवलंय. उत्तर अरबी समुद्र तापतोय, वारे लहरी झालेत आणि मधूनच बाष्पाचा मोठा लोंढा घेऊन आत येतात. शिवाय हवा 1 अंशानं तापली की तिची बाष्प धरायची क्षमता साधारण 7 टक्क्यांनी वाढते. विशेष म्हणजे याच काळात या पट्ट्यातला मोसमाचा एकूण पाऊस वाढलेला नाही, उलट घटलाय.

तासाच्या हिशेबानं काम झालंय तेही याच संस्थेत. त्यांनी 'छोटी ढगफुटी' असा प्रकार धरला: लागोपाठ दोन तासांत 50 मिमीच्या वर. पश्चिम किनाऱ्यावर अशा घटना वाढताना दिसल्या. कोकणात 'सदृश' लिहिण्यापेक्षा ही कसोटी लावून पाहावी.

आजोळ: आणि 'ओला दुष्काळ'? 2025 च्या सप्टेंबरात मराठवाडा बुडाला तेव्हा तीच मागणी होती.

बांधावरून: नियमावलीत असा शब्दच नाही, असं सरकारनं सांगितलं. सवलती दुष्काळाच्या देतो म्हणाले. म्हणजे शब्द लोकांचा, कलम दुसऱ्याचं.

खटपट्या: तासाचा आकडा आपल्याला मिळतो का कुठे?

पर्जन्यमापी: मुंबईत पालिकेच्या स्वयंचलित केंद्रांचे आकडे दर पंधरा मिनिटांनी पाहता येतात. बांधावरून, तुम्ही एक करा. तोंड आणि बूड सारखंच रुंद असलेला डबा उघड्यावर, झाडा-भिंतीपासून लांब ठेवा. पाऊस सुरू झाला की तासातासाला पट्टी बुडवून मोजा आणि फोटो काढा, त्यावर वेळ येते. सरकारदरबारी चालेल असं नाही, पण तक्रारीला जोडता येईल.

बांधावरून: तुपाचा जुना डबा आहे, गळ्याशी जरा निमुळता. चालेल का?

पर्जन्यमापी: नाही चालणार. गळा कापून टाका.