हायड्रेंजिया: तुमच्या मातीत कुठला रंग धरतो?

महाबळेश्वर-पाचगणीहून परतताना गाडीच्या डिकीत हायड्रेंजियाची, म्हणजे मोठ्या गोल गेंदांच्या फुलझुडपाची, कुंडी घालून आणलेली मंडळी इथे बरीच असतील. पहिलं वर्ष छान जातं. दुसऱ्या वर्षी पानं हिरवीगार, पण फुलाचा पत्ता नाही. नाहीतर निळ्याचं गुलाबी झालेलं. मग 'आपल्या हवेत येत नाही' असं म्हणून झाड कोपऱ्यात जातं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण थोडं समजून घेतलं तर हे झाड वर्षानुवर्षं फुलतं. ज्यांच्याकडे फुलतंय त्यांनी खाली लिहा. गाव, माती, पाणी आणि ऊन यांचा उल्लेख जरूर करा, त्याशिवाय दुसऱ्याच्या अनुभवाचा उपयोग होत नाही.

माझ्यापासून सुरुवात करते. पुणे, कोथरूड, पूर्वेकडची बाल्कनी. सकाळचं कोवळं ऊन, नंतर सावली. लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जुनं शेणखत. काळी माती अजिबात घालत नाही, ती अल्कधर्मी असते आणि निचराही होत नाही. बोअरचं जड पाणीही टाळते, पावसाळ्यात पिंप भरून ठेवते. एप्रिलच्या दुपारी पानं अशी मान टाकतात की बघवत नाही. तेव्हा आधी मातीत बोट पेरभर खुपसून बघायचं. ओल असेल तर पाणी द्यायचं नाही. एवढी मोठी पानं मुळं पुरवतील त्याहून जास्त पाणी हवेत सोडतात, म्हणून ती लोंबतात. संध्याकाळी आपोआप उभी राहतात. घाबरून पाणी ओतत राहिलं की मुळं कुजतात. आणि हिवाळ्यात कुंडी घरात घेऊ नका! फुलाची कळी फांदीच्या टोकाशी आतल्या आत तयार होते आणि त्यासाठी काही आठवडे १८ अंशांखालचा गारवा लागतो. पुण्याची थंडी त्याला पुरते.

पाचगणीहून लिहितेय. आमच्याकडे कुंपणाला ओळीने लावलेत, सगळे निळे. त्यात आमचं कौतुक काही नाही, जांभ्याची माती आणि धो धो पाऊस. माती आम्लधर्मी असली की तिच्यातलं ॲल्युमिनियम मुळांना मिळतं आणि फूल निळं होतं. मातीचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकी माती आम्ल) साधारण ५.५ च्या खाली असेल तर निळा, ६.५ च्या वर गेला की गुलाबी, मधे जांभळट. याच झाडाची फांदी नणंदेने वाईला नेली, तिच्याकडे गुलाबी फुलते. निळा हवा असेल त्यांनी बोनमील (हाडांची पूड) आणि डीएपी ही खतं घालू नयेत, त्यांतला फॉस्फरस ॲल्युमिनियमला मातीत धरून ठेवतो. घरातली तुरटी चालते: चमचाभर पूड बादलीभर पाण्यात विरघळवून, कळ्या दिसायच्या आधीपासून अधूनमधून, तीही ओल्या मातीत. हात सैल सोडू नका, जास्त झाली तर मुळं जळतात. पांढरी जात मात्र काहीही केलं तरी निळी होत नाही.

आमच्या या पाचगणीच्या झाडांची कलमं मी पावसाळ्यात करते. न फुललेली कोवळी फांदी घ्यायची, दोन पेरं (पानं फुटतात त्या गाठी) ठेवायची, खालची पानं काढायची आणि वरची कात्रीने अर्धी कापायची. खालचं पेर ओल्या वाळूत गेलं पाहिजे, मुळं तिथूनच लवकर सुटतात. पडवीत सावलीला ठेवलं की पुरे.

न्यू जर्सी. कोथरूडच्या ताईंनी कळीबद्दल लिहिलंय, त्याला जोडून छाटणीचं सांगतो. आमच्या शेजाऱ्यांकडे गवत कापायला येणाऱ्यांनी ऑक्टोबरमध्ये झुडपं गुडघ्याएवढी छाटली. पुढच्या उन्हाळ्यात नुसती पानं. हे मोठ्या गोल गेंदांचे हायड्रेंजिया जुन्या फांदीवर फुलतात, म्हणजे शरद ऋतूत फांदी कापली की पुढच्या वर्षीचं फूलच कापलं. फुलं ओसरल्यावर लगेच, जुलै-ऑगस्टमध्येच, काय ती छाटणी करा. आमच्याकडे 'ॲनाबेल'ही आहे. इलिनॉयमधल्या ॲना गावाजवळ सापडलेली ही पांढरी जात नव्या फुटीवर येते, ती मार्चमध्ये खुशाल खाली आणतो. म्हणून कात्री हातात घ्यायच्या आधी जात ओळखा. बाकी इथे एप्रिलमधलं उशिराचं दहिवर (गोठलेलं दव) कळ्या मारतं, त्या रात्री गोणपाट टाकतो. हरणं सगळं खातात, जाळीला पर्याय नाही.

जपानमधून, कावासाकी. ही फुलं मुळात इथलीच. इथे त्यांना 'अजिसाई' म्हणतात आणि जूनच्या पावसाळ्यात गल्लोगल्ली फुलतात. कामाकुरा शहरातल्या मेइगेत्सु-इन मंदिरात पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना निळाच निळा असतो, पण सकाळी लवकर जा, गर्दी प्रचंड. मला स्वतःला गेंदापेक्षा सपाट झालरवाली जात आवडते: मधे बारीक बारीक खरी फुलं, कडेला मोजक्या मोठ्या पाकळ्या. त्या पाकळ्या नसतातच खरं तर, ती निदलं (कळीला बाहेरून झाकणारी दलं). म्हणून तर एवढे दिवस टिकतात. एका जातीच्या पानांचा गोड चहा ८ एप्रिलला बुद्धजन्माच्या दिवशी मूर्तीवर ओततात. ते वाचून कोणी बागेतलं पान उकळू नका, हे झाड विषारी आहे. घरात कुत्रा-मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

ठाणे. आमच्याकडे थंडीच नाही. झाड जगतं, दाट वाढतं, पण पुन्हा फूल धरत नाही. आता फुललेली कुंडी आणतो, बहर संपला की वाईच्या मावशीकडे पोचवतो.

बेंगळुरू. मी गौरींच्या आराशीला कापून वापरते, त्याबद्दल. फूल कापल्यावर तासाभरात लोळतं, म्हणून लोक वापरत नाहीत. देठ तिरका कापा, टोक तुरटीच्या पुडीत बुडवा आणि लगेच पाण्यात ठेवा. तरी सुकलं तर अख्खा गेंद गार पाण्यात उलटा बुडवून अर्धा-पाऊण तास ठेवा, हे फूल निदलांतूनही पाणी पितं. वाळवायचं असेल तर ताजं कापू नका. झाडावरच हिरवट पडून हाताला कागदासारखं लागेपर्यंत थांबा, मग कापा आणि पाण्याशिवाय फुलदाणीत ठेवा.