एकाच देशातल्या दोन राज्यांमध्ये ‘प्रत्यार्पण’ होते का?

अनुवादक:
न्यू यॉर्कमधील एका खून खटल्यावरील लेखाचा मी अनुवाद करीत आहे. आरोपी ९ डिसेंबर २०२४ रोजी पेनसिल्व्हेनियातील अल्टूना येथे पकडला गेला, १९ तारखेला त्याने तेथील न्यायालयात ‘एक्स्ट्रडिशन’ला विरोध करण्याचा हक्क सोडला आणि त्याच दिवशी त्याला न्यू यॉर्कला नेण्यात आले. मी ‘प्रत्यार्पण’ लिहिले होते, पण प्रत्यार्पण दोन देशांतच होते असे सांगून संपादकांनी त्याजागी ‘हस्तांतरण’ घातले. जाणकारांचे मत हवे आहे.

निवृत्त वकील:
संपादकांनी आपल्याकडची पद्धत डोळ्यांसमोर ठेवलेली दिसते. भारतात अटक वॉरंट देशभर बजावता येते. पुण्याचे पोलीस लखनौहून आरोपी आणताना तेथील दंडाधिकाऱ्यांकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला आपल्या न्यायालयापर्यंत नेण्यापुरती कोठडी, घेतात, त्यात मुख्यमंत्र्यांचा संबंध येत नाही. अमेरिकेत मात्र घटनेच्या चौथ्या अनुच्छेदानुसार, आरोपी ज्या राज्यातून पळाला तेथील गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले प्रमुख, मागणी करतात आणि तो जेथे सापडला तेथील गव्हर्नर वॉरंट काढतात. आरोपीला हेबियस कॉर्पसचा, म्हणजे आपली कोठडी बेकायदा असल्याचा, अर्ज करता येतो, परंतु मिशिगन विरुद्ध डोरान या १९७८ च्या निकालानुसार न्यायालय चारच गोष्टी तपासते: कागदपत्रे सकृद्दर्शनी नियमानुसार आहेत का, मागणी करणाऱ्या राज्यात आरोप ठेवला गेला आहे का, मागणीत नाव असलेला माणूस हाच का आणि तो फरारी आहे का. त्याने गुन्हा केला की नाही, हा प्रश्न तेथे निघतच नाही. अशा प्रक्रियेला ‘हस्तांतरण’ म्हणणे मला मान्य नाही. हस्तांतरण जमिनीचे होते.

संस्कृतचे अध्यापक:
‘प्रति’ आणि ‘अर्पण’ मिळून परत देणे असा अर्थ होतो, पण अर्पणात देणाऱ्याची इच्छा गृहीत असते आणि येथे तर घटनेची आज्ञा आहे. घटनेच्या त्या कलमातही ‘एक्स्ट्रडिशन’ हा शब्द नाही, स्वाधीन करण्याचीच भाषा आहे. ‘स्वाधीन करणे’ हा शब्दप्रयोग पुरेसा आहे.

निवृत्त वकील:
इच्छेचा मुद्दा आपण काढलात म्हणून सांगतो. केंटकीतील एका गुलाम स्त्रीला पळून जाण्यास मदत केल्याचा आरोप विलिस लागो या स्वतंत्र कृष्णवर्णीयावर होता आणि ओहायोचे गव्हर्नर डेनिसन त्याला केंटकीच्या हवाली करण्यास तयार नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १८६१ मध्ये असे ठरवले की हे गव्हर्नरांचे कर्तव्य आहे, मात्र संघीय न्यायालये त्यांच्यावर सक्ती करू शकत नाहीत. हा निकाल थेट १९८७ मध्ये, प्वेर्तो रिको विरुद्ध ब्रॅनस्टॅड या प्रकरणात, रद्द झाला. म्हणजे सव्वाशे वर्षे ते देणे खरोखरच देणाऱ्याच्या मर्जीवर होते!

कोल्हापूरकर:
‘दोन देशांतच’ हे इतिहासालाही धरून नाही. १९०३ च्या भारतीय प्रत्यार्पण कायद्यात संस्थानांकडे आरोपी सोपवण्याची स्वतंत्र तरतूद होती. आमच्या आजोबांच्या तोंडी ‘आरोपी वर्ग केला’ असा प्रयोग असे, तोच मला सर्वांत मराठी वाटतो.

निवृत्त वकील:
वर्ग होतो तो गुन्हा किंवा खटला. माणूस ताब्यात देतात.

न्यू जर्सीहून:
मला खरी अडचण ‘प्रति’ची वाटते. गर्भपाताच्या गोळ्या पाठवल्याच्या आरोपावरून लुईझियानाने २०२५ मध्ये न्यू यॉर्कच्या एका डॉक्टरची मागणी केली आणि गव्हर्नर होकल यांनी ती नाकारली. आरोपी गुन्ह्याच्या वेळी मागणाऱ्या राज्यात नसेल, तर घटनेच्या अर्थाने तो फरारी ठरत नाही. बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या १९३६ च्या एकरूप फौजदारी प्रत्यार्पण कायद्यात अशा माणसाला सोपवणे गव्हर्नरांच्या विवेकावर सोडले आहे. जो तेथून आलाच नाही, त्याला ‘परत’ कसे देणार?

संस्कृतचे अध्यापक:
म्हणूनच मी ‘स्वाधीन करणे’ सुचवले होते.

निवृत्त वकील:
क्रियापद म्हणून ते चालेल, पण कायद्याच्या नावाला नाम लागते. ‘स्वाधीनीकरण कायदा’ कोण वाचील?

अनुवादक:
सर्वांचे आभार. संपादकांना सध्या ‘आंतरराज्य प्रत्यार्पण’ असे कळवते. आता पुढचे वाक्य अडले आहे: आरोपीने जे ‘वेव्ह’ केले, त्याला ‘प्रत्यार्पणास संमती’ म्हणावे की ‘सुनावणीच्या हक्काचा त्याग’?

कोल्हापूरकर:
संमती.

निवृत्त वकील:
मुळीच नाही. गव्हर्नरांचे वॉरंट आणि हेबियस कॉर्पस, या दोन्हींचे संरक्षण तो सोडून देत असतो. ‘संमती’ लिहिल्यास त्याने काय गमावले ते वाचकाला कळणारच नाही.