नवी स्प्रिंग कापण्याआधी बुश सैल करा

पुढच्या स्प्रिंगा बदलल्यावर जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं नाक दोन बोटं वर राहिलं, म्हणून मिस्त्री स्प्रिंगचं वेटोळं कापायला सांगतोय, असं एका गाडीमालकाने विचारलंय. कृपया कापू नका, कापलेलं परत जोडता येत नाही.

गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना आर्मचे (चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट आवळले असतील तर त्यांच्या सांध्यातले रबरी बुश त्याच स्थितीत अडकतात. गाडी खाली आली की पिळलेलं रबर तिला वर ढकलतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. आर्मचे बोल्ट आणि मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगांच्या) शॅकलचे, म्हणजे पाट्या गाडीला जोडणाऱ्या हलत्या कड्यांचे नट सैल करा, गाडी चाकांवर उतरवा, आठ-दहा फूट पुढे-मागे ढकला, चारही कोपरे दाबा आणि चाकांवर वजन असतानाच आवळा.

माप जमिनीपासून घेऊ नका, टायरमधल्या हवेच्या दाबाने ते बदलतं. चाकाच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर घ्या. जांभ्याचं अंगण सहसा सपाट नसतं, त्यामुळे चारही चाकांखालची पातळी आधी गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासा. एकच बाजू खाली असेल तर स्प्रिंगची बैठक टोचून बघा. खाऱ्या हवेत तिथे साचलेल्या चिखलाखाली पत्रा पापुद्र्यांनी सुटतो.

दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजा, नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात. तरीही फरक उरला तरच पॅकिंग, म्हणजे स्प्रिंगच्या बैठकीत घालायची चकती. स्प्रिंग चाकापासून आत असल्याने ५ मिमीच्या पॅकिंगने गाडी त्याहून जास्त उचलली जाते. अलाइनमेंट आणि हेडलाइट सगळ्यात शेवटी.