सिस्को कॅटॅलिस्ट ९३०० चे तीन नेटवर्क स्विच, त्यातला एक दुसऱ्या ब्लॉकमध्ये: स्टॅक कसा करायचा?

बार्देसचो
कळंगुटच्या बाजूला एका रिसॉर्टचं नेटवर्क पाऊस लागायच्या आधी बदलायचं आहे. ४८ पोर्टांचे पीओईवाले (नेटवर्क केबलीतूनच उपकरणाला वीज देणारे) तीन ९३०० आलेत. दोन रिसेप्शनमागच्या रॅकमध्ये बसतील, तिसरा अंगणापलीकडच्या ब्लॉकमध्ये. मधलं अंतर ७० मीटरच्या आसपास. मालकाला तिन्ही मिळून एकच स्विच, एकच आयपी हवा आहे, म्हणजे स्टॅक. स्टॅक केबल कुठून कुठे लावायची, आधी कुठला चालू करायचा आणि तिसऱ्याचं काय करायचं?

अंत्रुजकार
तिसऱ्याचा विषय आधी संपवतो: तो स्टॅकमध्ये येणार नाही. ९३०० ची स्टॅक केबल ५० सेंमी, १ मीटर आणि ३ मीटर अशीच मिळते. मागच्या त्या पोर्टाला फायबर जोडता येत नाही. मालकाला सांगा, दोन आयपी होतील, त्यानं काही बिघडत नाही.

आता रॅकमधले दोन. पहिल्याचा स्टॅक पोर्ट १ दुसऱ्याच्या पोर्ट २ ला, आणि पहिल्याचा पोर्ट २ दुसऱ्याच्या पोर्ट १ ला. म्हणजे दोन स्विचना केबलीही दोन. एकाच केबलीवर स्टॅक उभा राहतो, म्हणून पुष्कळ जण तिथेच थांबतात. पण मग बँडविड्थ अर्धी, आणि ती केबल सैल झाली की स्टॅक फुटतो. फुटला की दोन्ही तुकडे तोच आयपी घेऊन बसतात आणि दिवसभर कारण सापडत नाही.

केबल लावताना दोन्ही स्विच बंद ठेवा. कनेक्टर सरळ आत ढकला, मग दोन्ही स्क्रू हातानेच आवळा. एकच स्क्रू आवळला तर कनेक्टर तिरका बसतो. जे दोन स्विच वेगवेगळे सुरू झालेत त्यांना चालू असताना जोडलं, तर मुख्य स्विच कोण याच्या निवडीत हरलेला रीलोड होतो. त्याच्यावर लोक काम करत असले तर शिव्या तुम्हाला.

चालू करताना: ज्याला मुख्य करायचं त्याला प्रायॉरिटी १५, दुसऱ्याला १४. ९३०० वर ही कमांड कॉन्फिग मोडमध्ये नाही, प्रिव्हिलेज्ड एक्झेक मोडमध्ये (एनेबल केल्यावर) द्यायची: 'स्विच १ प्रायॉरिटी १५'. ती पुढच्या निवडीला लागू होते, लगेच नाही. दोन मिनिटांच्या आत चालू झालेले स्विच निवडीत असतात, म्हणून दोन्ही एकदमच चालू करा. सगळं सोडून दिलं तर प्रायॉरिटी सगळ्यांची १ असते आणि नको तो स्विच मुख्य होऊन बसतो.

शेवटी 'शो स्विच स्टॅक-पोर्ट्स' मध्ये चारही पोर्ट ओके दिसायला हवेत, आणि 'शो स्विच स्टॅक-रिंग स्पीड' मध्ये 'फुल'. 'हाफ' आलं तर एक केबल नीट बसलेली नाही.

सांखळीकार
तिसऱ्यासाठी फायबर टाका, तांब्याची केबल नको. ७० मीटर म्हणजे तांब्याच्या केबलीच्या १०० मीटरच्या मर्यादेत, म्हणून लोक कॅट सिक्स ओढतात आणि पहिल्याच मोठ्या विजेला दोन्हीकडचे पोर्ट जातात. आपल्याकडे मेच्या शेवटी आणि परतीच्या पावसात हे हमखास. जांभा दगडाच्या जमिनीत अर्थिंग उन्हाळ्यात आधीच कमजोर असतं, आणि दोन ब्लॉकचं अर्थ एकसारखं नसतंच.

सहा कोअरची सिंगल मोड घ्या. चार कोअर वापरा, दोन राखीव. दोन १० गिग एलआर मॉड्यूल (सिंगल मोड फायबरचे) तिसऱ्या स्विचला. इकडे एक पहिल्या स्विचच्या अपलिंक मॉड्यूलात आणि एक दुसऱ्याच्या. दोन्ही लिंक एकाच पोर्ट-चॅनलमध्ये (एकत्र बांधून एकच लिंक), दोन्हीकडे ते बांधणारा प्रोटोकॉल एलएसीपी अ‍ॅक्टिव्ह. एक स्विच गेला तरी दुसरी लिंक चालू राहते, स्टॅकचा खरा फायदा तो. पोर्ट-चॅनल न करता दोन्ही लिंक जोडल्या तर स्पॅनिंग ट्री (लूप रोखणारी यंत्रणा) एक बंदच ठेवणार.

अंत्रुजकार
सांखळीकार बाब, फायबरचं बरोबर, पण आर्मर्ड केबल घेतलीत तर तिचं पोलादी कवच हाही वाहकच. इमारतीत शिरतानाच ते अर्थ करा, रॅकपर्यंत नेऊ नका. नाहीतर कवचात धातू नसलेली केबल घ्या.

सांखळीकार
मान्य. उंदरांचा त्रास असला तर धातू नसलेली केबल पाईपातून न्यावी.

रॅकचंही आधी बघा. भिंतीवरच्या ४५० मिमी खोलीच्या रॅकमध्ये मागची स्टॅक केबल वळायला जागाच राहत नाही. आणि समुद्राजवळ आहात, तेव्हा न वापरलेल्या स्टॅक आणि एसएफपी (फायबर मॉड्यूलच्या) पोर्टांच्या टोप्या काढून टाकू नका. खारी हवा आधी तिथूनच आत जाते.

बार्देसचो
देव बरें करूं! जोडले. पण दुसरा 'व्ही-मिसमॅच' दाखवतोय. आणि ७१५ वॅटच्या एकाच सप्लायवर सगळे वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट आणि कॅमेरे चालतील?

अंत्रुजकार
व्ही-मिसमॅच म्हणजे दोघांवर सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी. दोन्ही इन्स्टॉल मोडमध्ये (सॉफ्टवेअर सुटी पॅकेजेस म्हणून बसवलेलं) असतील तर मुख्य स्विचवर 'सॉफ्टवेअर ऑटो-अपग्रेड एनेबल' द्या आणि दुसरा रीलोड करा, तो आवृत्ती ओढून घेईल. बंडल मोडमध्ये (एकाच इमेज फाइलवरून चालू होणारं) हे चालत नाही. मग दुसऱ्याला वेगळा काढून, तीच इमेज घालून, बंद करून परत जोडा. लायसन्सही बघा: एकावर एसेन्शियल्स आणि दुसऱ्यावर अ‍ॅडव्हान्टेज चालणार नाही.

वॅटचं: एका ७१५ च्या सप्लायवर ९३०० ला पीओईसाठी ४३७ वॅट उरतात. १५.४ वॅटची २८ उपकरणं, किंवा पूर्ण ३० वॅट मागणारी फक्त १४. अ‍ॅक्सेस पॉइंट ३० वाले असतील तर ते दोन स्विचांवर वाटून द्या आणि दुसऱ्या सप्लायची किंमत मालकाला आत्ताच सांगून ठेवा. यूपीएस मोजताना हे वॅट धरायला विसरू नका, नुसता स्विच धरून घेतलेला यूपीएस लाईट गेल्यावर पाच मिनिटंही टिकत नाही.