मदत हवी आहे : मालिकांचा कंटाळा आला आहे, आता काय वाचावे?

नमस्कार. मी सोलापूरचा. रात्री जेवणानंतर मालिका पाहण्याची आमच्या घरची जुनी सवय आहे. मात्र अलीकडे एक भाग संपून दुसरा आपोआप सुरू झाला, तरी कोणाचे कोणाशी वैर आहे हेही माझ्या ध्यानात राहत नाही. अशातच येथील हिराचंद नेमचंद वाचनालयातून व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आणली आणि कित्येक वर्षांनी निव्वळ आवडीने एक पुस्तक वाचून संपवले. मेंढपाळांच्या वाडीत आलेला तरुण मास्तर, गावाने उभारलेली तालीम आणि अखेरीस दुष्काळाने ओस पडत जाणारी वाडी हे सारे 1955 साली प्रसिद्ध झालेल्या या छोटेखानी कादंबरीत एकही शब्द वाया न घालवता येते. ही कादंबरी जिथे घडते तो माणदेश आमच्या जिल्ह्यातील सांगोल्याला लागूनच असल्याने त्यातली बोलीही परकी वाटली नाही.

आता पुढे काय वाचावे, हा प्रश्न आहे. आमच्याच गावचे त्र्यं. वि. सरदेशमुख यांच्या 'डांगोरा एका नगरीचा' या कादंबरीला 2003 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता, म्हणून ती खुणावते. परंतु सवय नुकतीच परतत असताना इतक्या भारदस्त पुस्तकाला हात घालावा का? तसे करू नये असे वाटत असेल, तर दीडशे-दोनशे पानांच्या, शक्यतो ग्रामीण जीवनावरील कादंबऱ्या कृपया सुचवाव्यात. चाळिशीचा चष्मा असल्याने ठसठशीत छपाईची आवृत्ती ठाऊक असल्यास तीही कळवावी. (आत्मचरित्रे मात्र नकोत, ती घरात भरपूर आहेत.)