मदत हवी आहे : हाताने घडवलेल्या तीन लाँगबोंपैकी कोणता घ्यावा?

माळरान (सोलापूर)
लाँगबो (जवळपास माणसाएवढे लांब, साधे धनुष्य) घडवणाऱ्या एका कारागिराकडे मी नाव नोंदवले असून कोणता नमुना हवा, हे रविवारपर्यंत कळवायचे आहे; नाहीतर माझा क्रमांक पुढच्या खेपेत जाईल. पहिला अखंड हिकरी या लाकडाचा, ६८ इंची. दुसरा तेवढाच लांब, पण हिकरीच्या पोटाला (तिरंदाजाकडच्या बाजूला) बांबूची पाठ (लक्ष्याकडची बाजू) चिकटवलेला. तिसरा आत लाकूड आणि दोन्ही अंगांना फायबरग्लास असलेला, ६४ इंची. तिन्ही ४५ पाउंडांचे (दोरी ओढायला लागणारा जोर) असून किमतीत फारसा फरक नाही. कोणता घ्यावा, एवढेच कृपया सांगावे.

जुना_तिरंदाज
तुमची ओढ (दोरी मागे खेचता ते अंतर) किती इंच आहे, हे कळल्याशिवाय कोणीही उत्तर देऊ नये. ४५ पाउंड हा आकडा सहसा २८ इंच ओढीवर मोजलेला असतो आणि त्यापुढे प्रत्येक इंचाला साधारण दोन-तीन पाउंड वाढतात. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर इंचांत मोजा आणि त्याला अडीचने भागा. आजवर किती पाउंडांचे धनुष्य ओढले आहे, तेही लिहा.

वेळूबन
बांबूच्या पाठीचा घ्या. धनुष्य ओढले की पाठीवर ताण येतो आणि पोटावर दाब. बांबूचे सलग तंतू हा ताण उत्तम सोसतात. १५४५ साली बुडालेल्या मेरी रोझ जहाजावर शंभराहून अधिक लाँगबो सापडले. ते यू नावाच्या झाडाच्या लाकडाचे होते. त्यात बाहेरचे फिकट लाकूड ताण सोसते आणि आतले गडद लाकूड दाब. निसर्गाने एकाच खोडात केलेली ती सोय बांबू आणि हिकरीच्या जोडीत आपण हाताने करतो. माझे धनुष्य सहा वर्षे बिनतक्रार चालले आहे.

विजापूररोड
सहा वर्षे चालले ते काळजी घेतली म्हणून. पावसाळ्यात नुसते लाकूड ओल धरते आणि धनुष्य मवाळ होते. फायबरग्लासवाल्याची ताकद बारा महिने जवळपास सारखी राहते, म्हणून तोच घ्यावा.

वेळूबन
फायबरग्लासचे थरही चिकटवलेलेच असतात, हे आपण विसरत आहात.

सातरस्ता
माझ्या मते लाँगबो घेऊच नये. ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवर रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य) चालते, लाँगबोला तिथे स्थान नाही. लाकडी धनुष्याचीच आवड असेल, तर आपल्याकडे बांबूच्या देशी धनुष्यांचा इंडियन राउंड हा स्पर्धाप्रकार आहे.

माळरान
स्पर्धा खेळायची नाही. शेतात वीस मीटरवर गवताच्या पेंढ्यांवर बाण सोडायचे आहेत. पसरलेल्या हातांचे माप ७३ इंच भरले. आठ महिने २६ पाउंडांचे रिकर्व्ह ओढले आहे. धनुष्य विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत दोरी चढवूनच टांगणार आहे, म्हणजे रोजची खटपट वाचेल. आता कृपया एकच नाव सांगा.

जुना_तिरंदाज
ही पत्र्याची खोली तुम्ही पहिल्याच वेळी सांगायला हवी होती. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त तापते. मी एकदा बांबूच्या पाठीचे धनुष्य दुपारभर बंद गाडीत विसरलो होतो. संध्याकाळी मुठीच्या वर, पाठ आणि पोट यांच्या सांध्यात, पोस्टकार्ड सरकेल एवढी फट दिसली. बांबू शाबूत होता, हिकरीही शाबूत होती. उष्णतेने फक्त डिंक सुटला होता. फायबरग्लासलाही हाच धोका आहे. शिवाय दोरी कायम चढवून ठेवली, तर लाकडाला बाक बसतो आणि धनुष्याचा जोर कमी होतो. रोज उतरवा, चढवायला स्ट्रिंगर (दोरी चढवण्यासाठीची मदतीची दोरी) वापरा, मिनिटभराचे काम आहे.

तुमची ओढ २९ इंचांच्या थोडी पुढे जाते. म्हणजे ४५ पाउंडांचे धनुष्य तुमच्या हातात ४८ च्या आसपास भरेल. २६ वरून एकदम तिथे उडी मारली, तर खांदा दुखावेल. या ओढीला ६४ इंच मला तोकडे वाटतात. म्हणून अखंड हिकरीचाच घ्या. ते लाकूड चिवट असते, कोरडी हवा त्याला मानवते आणि त्यात सुटायला सांधाच नाही. तरीही पत्र्याखाली नको. घरात, आतल्या भिंतीवर आडवे ठेवा.

वेळूबन
घरात ठेवणार असाल, तर बांबूची पाठही टिकेल. पण ओढीचा हिशेब बरोबर आहे, तो मान्य करतो.

विजापूररोड
एक राहिले. टोकांना खास मजबुती दिलेली नसेल, तर न ताणणारी आधुनिक दोरी घेऊ नका, डॅक्रॉनची (थोड्या ताणणाऱ्या धाग्याची) दोरीच घ्या. आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नका.

माळरान
कारागिराला आत्ताच कळवले : अखंड हिकरी, ६८ इंच, २९ इंच ओढीवर ३५ पाउंड, डॅक्रॉनची दोरी. पस्तीसचा करून देईन, असे त्यांचे उत्तरही आले. बैठकीच्या खोलीत देवघराशेजारी दोन खुंट्या ठोकून घेते. आता बाण : ३५ पाउंडांना लाकडी दांडा किती ताठ घ्यावा?

जुना_तिरंदाज
तुमच्या लाँगबोत दांडा धनुष्याला वळसा घालून जातो, म्हणून बाण सरळ जावा यासाठी मुठीपाशी मध्यापर्यंत कापलेल्या रिकर्व्हपेक्षा थोडा लवचीक हवा. दोन-तीन वेगवेगळ्या ताठपणाचे दांडे मागवा आणि पिसे न लावता दहा पावलांवरून सोडून पाहा. उजव्या हाताने ओढत असाल आणि बाणाचे शेपूट उजवीकडे राहून तो पेंढ्यात तिरका घुसला, तर दांडा फार ताठ आहे.