मदत हवी आहे: डिंकी ६५१ सेंच्युरियन रणगाडा घ्यावा का?

डिंकी या जुन्या ब्रिटिश खेळण्यांच्या ब्रँडचा ६५१ नंबरचा सेंच्युरियन, म्हणजे खेळण्यातला रणगाडा, विकायला आलाय. लिव्हरपूलला १९५४ पासून बनू लागलेलं, जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेलं हे मॉडेल. घोडं अडलंय रंगापाशी. खालच्या बाजूची उठावाची अक्षरं रंगाने बुजून गुळगुळीत झाली आहेत. चाकं चांगलीच घासलेली, तरी बुरुजाच्या कडांवर एक टवकाही उडालेला नाही. कारखान्याचा रंग पातळ बसतो, अक्षरांची धार राहते. त्यामुळे हा पुन्हा रंगवलेलाच वाटतो. मूळ रंगाची आणखी काही खात्रीची खूण आहे का?

चाकांभोवतीचे रबरी पट्टे वाळून कडक झालेत, एक तुटलाय. त्याची चिंता नाही, नवे मिळतात.

धातूची मात्र धास्ती आहे. ओतताना मिश्रणात शिसं गेलं असेल तर वर्षांनंतर धातू आतून फुगतो, केसाएवढ्या भेगा पडतात आणि त्यावर इलाज नाही. तोफेची नळी बुरुजाला जिथे जुळते तिथले, तिरक्या उजेडातले फोटो मागवलेत. आणखी कुठे बघायला सांगू?

निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं मूळ खोकं आहे, पण झाकणाचा कोपरा फाटलाय. रंग नवा निघाला तर निव्वळ खोक्यासाठी जास्त पैसे मोजावेत का?